पेटीवरून ड्युएट कॉन्सर्टिनावर येताय? आधी डाव्या हाताचं बघा

शिफ्ट संपवून उद्यमबागेतून घरी आलो की मी वडगावातल्या आमच्या गच्चीवर खुर्ची टाकतो आणि मांडीवर एक सहा कोनांचं डबडं घेऊन ओढत बसतो, आणि दोन दिवसाआड खालून कोणतरी विचारतंच, "काय वाजवालास रे, अकॉर्डियन काय?" अकॉर्डियन नव्हे. अकॉर्डियन छातीला बांधायचा असतो, चांगला वजनदार, त्याच्या एका अंगाला पियानोसारख्या पट्ट्या. हा कॉन्सर्टिना. दोन हातात मावतो, मध्ये भाता, दोन्ही टोकांना नुसती बटणं. सर्कशीतला जोकर वाजवतो ते, असं सांगितलं की लोकांना पटकन कळतं, मग मीही तसंच सांगून मोकळा होतो.

आमच्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गल्लीत एक तरी पेटीवाला असतोच, भजनाला बसणारा, शिकलेला नाही पण कानाने सगळं काढणारा. हे सगळं मी त्याच्यासाठी लिहितोय, कारण मीही त्यातलाच. पाश्चात्य नोटेशन येत नाही, सारेगम येतं, काळी एक पांढरी दोन (पेटीच्या पट्ट्यांचे नंबर, सा तिथून धरायचा) कळतं, बस. तेवढ्यावर हे वाद्य येतं. फक्त पेटीची एक सवय मोडावी लागते आणि ती डाव्या हाताची आहे, ते पुढे सांगतो.

आधी ओळख. आतलं यंत्र पेटीचंच, धातूची पातळ जीभ म्हणजे रीड, हवा गेली की थरथरते. इंग्लंडमध्ये हे चार्ल्स व्हीटस्टननं काढलं, बारावीच्या फिजिक्सला व्हीटस्टन ब्रिज म्हणून डोकं खाल्लं होतं ना, तोच माणूस. त्याचं पहिलं पेटंट १८२९ चं, नंतर सुधारलेल्या वाद्याचं १८४४ चं. तिकडे जर्मनीत केम्निट्झला उलिग नावाच्या माणसानं १८३४ मध्ये वेगळ्याच पद्धतीचा बनवला. आणि आपल्या पेटीचा जो मूळ हार्मोनियम, त्याचं पेटंट पॅरिसला डेबेननं १८४० मध्ये घेतलं. म्हणजे वयानं सगळे बरोबरीचे, मावसभाऊच म्हणा.

घ्यायच्या आधी जात बघा

मी इथंच पैसे घालवले म्हणून जरा सविस्तर लिहितो. ऑनलाईन कॉन्सर्टिना म्हणून सर्च केलं की पहिल्यांदा दिसतात ते वीस बटणांचे स्वस्त, लाल चकचकीत. मी तसलाच एक मागवला, फोटो बघून. आला, उघडला, एक बटण दाबून भाता ओढला तर एक सूर, तेच बटण दाबून भाता मिटला तर दुसराच सूर! मला वाटलं बिघडलेला पाठवला, विकणाऱ्याशी फोनवर भांडलो पण. तो म्हणाला सर हा असाच असतो. आणि खरंच तो असाच असतो, त्याला अँग्लो म्हणतात, आपल्या तोंडानं वाजवायच्या माउथऑर्गनसारखं, फुंकलं तर एक, ओढलं तर दुसरा. आयरिश नाचाची गाणी त्यावर झकास वाजतात, पण आपल्याला सा लांब धरून ठेवायचा असतो, आणि भाता संपला की सा चा रे झाला तर भजनात काय तोंड दाखवणार.

दुसरी जात इंग्लिश. त्यात ओढा किंवा मिटा, सूर तोच. पण सरगम दोन हातात वाटलेली असते, सा या हाताला, रे त्या हाताला, ग परत या हाताला. वेगात वाजवायला ते बरं असतं म्हणतात, पण पेटीवाल्याचं डोकं त्यात गरगरतं.

तिसरी जात ड्युएट, आपल्या कामाची. नावावरून दोघांनी मिळून वाजवायचा असं समजू नका, माझ्या मेव्हण्यानं तसंच समजून एक हात पुढे केला होता. इथे खालचे सूर सगळे डाव्या हाताला, वरचे सगळे उजव्या हाताला, मधले काही सूर दोन्हीकडे सापडतात, आणि भाता कुठल्याही बाजूला जाऊ दे, सूर बदलत नाही. त्यासाठी प्रत्येक बटणामागे दोन रीड बसवलेली असतात, एक ओढताना वाजतं, एक मिटताना. चौतीस बटणांचं वाद्य म्हणजे अडुसष्ट रीड. मग किंमत का वाढते ते कळतं.

ड्युएटमध्ये पण घराणी आहेत. मॅकॅन (पेटंट १८८४), क्रेन, जेफ्रीज आणि हेडन. जुने मॅकॅन इंग्लंडमध्ये लिलावात मिळतात, आवाजाला फार गोड असतात, गेल्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर प्रिन्स नावाच्या वादकानं मॅकॅनवर केलेली रेकॉर्डिंग ऐकली तर एकच माणूस वाजवतोय यावर विश्वास बसत नाही. पण त्याची बटणं कुठल्या हिशेबानं लावलीत ते पाठच करावं लागतं. नवशिक्यानं हेडन घ्यावा, माझं मत स्पष्ट आहे. स्वित्झर्लंडच्या विकी नावाच्या माणसानं १८९६ मध्ये अशी मांडणी पेटंट केली होती, आणि इंग्लंडच्या ब्रायन हेडननं १९६० च्या दशकात स्वतःच्या डोक्यानं परत तीच शोधली, म्हणून तिला विकी-हेडन म्हणतात. त्यात सुरांचा आकार एकदा बोटात बसला की सा कुठलाही धरा, आकार तोच राहतो. आपल्यासारख्या गायकामागं पट्टी बदलणाऱ्यांना याच्यासारखी सोय नाही.

बेळगावात खडेबाजारात फिरून मिळेल असं काही हे वाद्य नाही. बाहेरून मागवायला लागतं, चौतीस बटणांचा एलिझ म्हणून एक नवशिक्यांसाठीचा हेडन मिळतो, शेहेचाळीस आणि बावन्न बटणांचे पण आहेत, ते महाग. कुरिअर आणि कस्टम धरून चांगल्या स्केलचेंजर पेटीएवढा खर्च गृहीत धरा, कमी नाही. ऑर्डर करताना विक्रेत्याकडून बटणांचा नकाशा मागून घ्या, कुठल्या बटणावर कुठला सूर, आणि तो नकाशा आल्याशिवाय पैसे पाठवू नका. वापरलेला घेत असाल तर व्हिडिओ कॉलवर एकेक बटण ओढून आणि मिटून दोन्हीकडे वाजवून दाखवायला सांगा, आणि एकही बटण न दाबता भाता उघडून नुसता लोंबकळत धरायला सांगा. चांगला भाता हळूहळू उतरतो, धप्पकन पडला तर गळका आहे.

धरायचं कसं

पाठीला टेकू असलेली, हात नसलेली खुर्ची. डावं टोक डाव्या मांडीवर टेकवायचं आणि ते तिथंच राहू द्यायचं, हलायचं ते उजवं टोक. दोन्ही हात पट्ट्यातून आत, अंगठे बाहेर. पट्टा इतका घट्ट की भाता ओढताना हात मागं सरकू नये आणि इतका सैल की तळवा वर उचलून बोटं वाकवता यावीत. पहिले पंधरा दिवस हे जमत नाही, मनगट दुखतं. दुखलं की थांबा, जोर लावून काही होत नाही, मी लेथवर काम करणारा माणूस, मला वाटलं आपल्या हाताला काय होतंय, आणि आठवडाभर चहाचा कप डाव्या हातात धरवेना.

भजनाला मांडी घालून बसलात तर डावी मांडी उतरती होते आणि वाद्य घसरतं. टॉवेलची घडी घालून गुडघ्याखाली सरकवली की पातळी सरळ होते. भाता गुडघ्यावर घासू देऊ नका, कोपरे तिथंच झिजतात.

उजव्या अंगठ्यापाशी एक वेगळं बटण असतं, त्याला सूर नाही, नुसती हवा जाते. वाद्य उघडायचं, मिटायचं ते नेहमी हे दाबून. पहिल्या दिवशी एवढंच करा, हवेचं बटण दाबून उघडा, मिटा, उघडा, मिटा, श्वासासारखं. घरचे हसतील.

भाता: पेटीपेक्षा अवघड आणि पेटीपेक्षा गोड

हे नीट वाचा. पेटीला बाहेरचा भाता आपण मारतो तो वेगळा, आणि आत स्प्रिंगवर दाबलेला दुसरा भाता असतो. आपल्या हाताचे झटके तो आतला भाता पोटात घालतो, म्हणून आपण गप्पा मारत वाटेल तसा भाता मारला तरी पेटीचा सूर सरळ येतो. कॉन्सर्टिनाला आतला भाता नाही. हात थरथरला की सूर थरथरला. शिंक आली तर ती पण वाजते.

म्हणून पहिला रियाझ एकाच सुराचा. तानपुऱ्याचं ॲप लावा, उजव्या हाताचा सा दाबा, आठ मात्रा ओढा, आठ मात्रा मिटा, आवाज एकसारखा. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, वाजवताना जे ऐकू येत नाही ते तिथं येतं. दिशा बदलताना सुराला कुबड येतं, ते जाईपर्यंत हेच. मला तीन आठवडे लागले. त्याच्यानंतर मग आठ मात्रांत लहानापासून मोठा करत जा, परत लहान करा. पेटीवर हे इतकं सहज होत नाही आणि इथं मनगटाच्या नुसत्या विचारानं होतं, हा सूर फुगवण्याचा आनंद मिळायला लागला की माणूस सुटत नाही.

आणि भात्याची दिशा ओळीच्या मध्ये बदलू नका. अभंगाचा एक चरण ओढण्यात, एक मिटण्यात बसवा, गाणारा जिथं श्वास घेतो तिथं तुमचा भाता वळला पाहिजे. त्यासाठी चाल आधी तोंडानं म्हणा, श्वास कुठं येतो बघा, वहीत तिथं काडी मारा.

उजवा हात: सा रे ग कुठं आहे

हेडनची मांडणी तळव्याकडून बोटांच्या टोकाकडे अशी वाचा, खालची ओळ तळव्याजवळची:

सां रें गं
म प ध नी
सा रे ग

मधली ओळ खालच्या ओळीच्या खाचांत बसते, फरशीच्या सांध्यासारखी. म हा सा च्या वर जरा डावीकडे, प हा सा आणि रे च्या मध्ये वर, ध हा रे आणि ग च्या मध्ये वर, नी हा ग च्या वर जरा उजवीकडे. आणि वरचा सां खालच्या सा च्या बरोबर डोक्यावर, मधली एक ओळ सोडून. एकाच ओळीत शेजारच्या दोन बटणांत कायम एक पूर्ण स्वराचं अंतर. एवढाच कायदा, बाकी सगळं याच्यातून निघतं.

बोटं अशी: सा तर्जनी, रे मधलं, ग अनामिका. वर म तर्जनी, प मधलं, ध अनामिका, नी करंगळी. सां परत तर्जनी. आता गंमत बघा, पेटीवर ग आणि म अगदी चिकटून, नी आणि सां चिकटून. इथं तेच दोन लांब. ग वरून म वर जाताना अनामिकेवरून तर्जनीवर उडी, नी वरून सां वर जाताना करंगळीवरून सरळ तर्जनी. जवळचे सूर लांब आणि लांबचे जवळ, सा आणि प तर एका बोटाच्या अंतरावर. पेटी चांगली येणाऱ्याला हेच जास्त छळतं, न येणारा पोरगा आठ दिवसांत शिकतो.

म्हणून सुरुवात बिलावलनं (सगळे शुद्ध सूर) करू नका, भूपानं करा. भूपात म नाही नी नाही, म्हणजे दोन्ही उड्या गेल्या. सा रे ग खाली, प ध वर, सां. हात गुदगुल्या केल्यासारखा चालतो. मग दुर्गा, सा रे म प ध. त्याच्यानंतर यमन, तो आकारानं इतका देखणा आहे की बस: सा रे ग आणि तीव्र म चार बटणं एका ओळीत, प ध नी वरच्या ओळीत. फक्त तीव्र म करंगळीनं घ्यावा लागतो आणि तिथून प वर उडी आहे. पहिल्या महिन्यात अलंकार या तीनच रागांत करा, सारेग रेगप असे भूपातले, रोज वीस मिनिटं. एक तास बसून रविवारी एकदा करण्यात काही अर्थ नाही.

कोमल सूर सा च्या डाव्या अंगाला असतात. कोमल नी वरच्या सां च्या लगेच डावीकडे, कोमल ग हा म च्या लगेच डावीकडे. काफीत म्हणून सा रे खाली, मग कोमल ग, म, प, ध चार एका ओळीत, मग कोमल नी आणि सां. भैरवीला आणखी डावीकडे जावं लागतं आणि छोट्या वाद्याला तिकडे बटणंच नसतात. मी पहिल्यांदा इथं अडकलो, कारण भजन भैरवीशिवाय संपवायचं कसं? मग डोक्यात आलं, सा च हलवूया. पांढरी तीन सा धरला तर भैरवीचे सगळे सूर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात, पेटीवर करून बघा. म्हणजे कॉन्सर्टिनावरही ती बटणं असणारच. तसंच काफी पांढरी दोन वरून, खमाज पांढरी पाच वरून, यमन पांढरी चार वरून. मूर्च्छना म्हणतात ती हीच, पुस्तकात वाचून कधी कळली नव्हती, बटणांनी शिकवली.

भैरव मात्र सोडून द्या. कोमल रे आणि कोमल ध बरोबर शुद्ध ग आणि शुद्ध नी, हात दोन दिशांना फाटतो. काकड्याला पेटीच न्या.

आता डावा हात

पेटीत डावा हात नोकर असतो, भाता मारायचा आणि गप्प बसायचं. इथं त्याला पहिल्यांदाच बटणं मिळतात आणि मग तो सुटतो. डाव्या हाताची मांडणी उजव्यासारखीच आहे, सूर डावीकडून उजवीकडे चढतात, म्हणजे डाव्या हातात करंगळीकडून तर्जनीकडे. आरशासारखं उलटं नाही हे लक्षात ठेवा, सुरुवातीला चुकतंच.

मला सा ग प एकदम धरता यायला लागलं आणि मी वेडा झालो. सगळ्याखाली तीन सूर दाबून धरायचे, भरगच्च वाटायचं, गच्चीवर एकट्याला तर देवळातला ऑर्गनच वाटायचा. तसाच एका एकादशीला खानापूरकडच्या एका गावात विठ्ठलाच्या देवळात घेऊन गेलो. गाणारे मास्तर, पखवाजावर आप्पा, दहा-बारा टाळकरी. दुसऱ्या अभंगाला मास्तरांनी माझ्याकडे दोनदा बघितलं, मला वाटलं खूश झाले. अभंग संपल्यावर आप्पांनी पखवाजाची शाई पुसत पुसत सांगितलं, "वाद्य चांगलं आहे की रे तुझं. तेवढं त्या डाव्या हाताला जरा चहा पिऊन ये म्हणून सांग."

काय होतं ते नंतर रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं. भाता एकच आहे, दोन्ही हातांना दाब तोच मिळतो, उजवा मोठा आणि डावा लहान असं दाबानं करता येत नाही. त्यात खालची रीड मोठी, आवाजाला जाड आणि हवा जास्त खातात. तीन जाड सूर धरून ठेवले की उजव्या हातातली चाल त्याखाली बुडते, हवा पण मध्येच संपते. शिवाय मास्तर आपले कोमल-तीव्र त्यांच्या कानानं लावतात, आणि माझा धरून ठेवलेला ग त्यांच्या ग ला टेकत नाही, नुसता घासतो.

मग मी डावा हात नव्यानं शिकलो, आणि तुम्ही पहिल्यापासून असंच शिका. पहिला पंधरवडा डावा हात बंद, फक्त भाता. मग फक्त एक सा, तोही धरायचा नाही, टिचकी मारल्यासारखा दाबून सोडायचा. भजनी ठेका किंवा केरवा, मात्रा आठच: धा गे ना ति, न क धि न. डाव्याचा सा फक्त पहिल्या धा वर. आठ मात्रांत एकदा. ते इतकं कमी वाटतं की बोटं खाजतात, पण करा. उजव्यात भूपाचा साधा अलंकार चालू ठेवून हे पाच मिनिटं न चुकता झालं की मग समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सा आणि खालीवर, म्हणजे पाचव्या मात्रेवर, प. सा आणि प शेजारी आहेत, म्हणून हात हलत सुद्धा नाही. दादरा असेल तर पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर.

हे बसलं की तिसरी गोष्ट, आणि ती सगळ्यात मजेशीर. गाणारा ओळ संपवून श्वास घेतो तेव्हा दीड-दोन मात्रांची जागा रिकामी असते. उजवा हात थांबवा आणि डाव्यानं खालच्या सप्तकात ओळीचा शेवटचा तुकडा परत म्हणा. तिथं डाव्या हाताला मोकळं सोडा, तिथं तो कोणाला बुडवत नाही. आमच्या बेळगावचे पं. रामभाऊ विजापुरे (१९१७ ते २०१०) यांची पेटीची साथ ऐका, बोटांचं सोडा, ते कुठं वाजवत नाहीत तेवढं फक्त मोजा.

सा ग प सारखे कॉर्ड सिनेमाच्या गाण्याला चालतात, पोरांच्या वाढदिवसाला तर फारच. अभंगाखाली टाकू नका. याच्यावर माझं आणि माझ्या एका गिटारवाल्या मित्राचं रोज भांडण होतं, त्याचं म्हणणं मी मागासलेला आहे.

चारचौघात वाजवायच्या आधी

गाणाऱ्याची पट्टी आधी विचारा. आमच्याकडे पुरुष बहुतेक काळी एक नाहीतर काळी दोनला गातात, बायकांची भजनी मंडळं काळी चार, काळी पाचच्या आसपास. छोट्या हेडनवर काळी एकचा पूर्ण आकार मावत नाही, बटणं संपतात. आणि स्केलचेंजर नाही, पट्टी सरकवायची सोय नाही. मी सरळ सांगतो, मास्तर आज पांढरी दोन घ्या की, अर्ध्या सुरानं काय होतंय. कधी ऐकतात, कधी पेटी घे म्हणतात. म्हणून पेटी बरोबर असतेच.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही, पेटीवर पण येत नव्हती, त्याचाच तर राग होता लोकांना, १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती ती काही उगीच नाही. पण भात्यानं सूर विझवत नेऊन पुढचा हळू उगवता येतो, ऐकणाऱ्याला मींडेचा भास होतो.

आवाज बंद जागेत कानात बसतो. घरी वाजवायचं तर रात्री नऊनंतर नको, भिंतीला पाठ करून बसा, आणि शेजारच्या काकूंना महिन्यातून एकदा कुंदा द्या.

पावसाळा

आता आपल्या हवेचं. खानापूर, जांबोटीकडचा पाऊस माहीत आहे, बेळगावात पण जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. लाकूड फुगतं, बटण खाली जातं ते वर येत नाही, बटणाखालच्या चामड्याच्या गाद्या मऊ पडून हवा सोडतात, आणि रीड पोलादी असेल तर गंज. पेटीची पितळी रीड गंजत नाहीत म्हणून आपल्याला ही सवय नाही. पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर सुकवून परत. पेटारा असा घट्ट हवा की भाता आत मिटलेलाच राहील. पावसात रोज दहा मिनिटं तरी वाजवा, बंद ठेवलेलाच जास्त बिघडतो. हेअर ड्रायर लावू नका, चामडं कडक होऊन तडकतं. उन्हाळ्यात गाडीत ठेवून बाजारात जाऊ नका, काही वाद्यांची रीड मेणानं चिकटवलेली असतात, मेण वितळलं की सगळी आत खाली.

एखादा सूर फक्त ओढताना घरघरला आणि मिटताना ठीक असेल तर घाबरू नका, दोनातलं एकच रीड अडकलंय, बहुतेक वेळा धुळीचा कण. टोकाच्या झाकणाचे स्क्रू काढा, पण काढायच्या आधी पुठ्ठ्यावर षटकोन काढून प्रत्येक स्क्रू ज्या भोकातला त्याच जागी टोचून ठेवा, लाकडातली आटी प्रत्येकाची वेगळी असते. रीडच्या जिभेखालून पातळ कागदाची पट्टी हलकेच सरकवा, फुंकर मारू नका, थुंकी उडते. त्याच्यापुढं आपण हात लावायचा नाही. सूर उतरला असेल तर जिभेच्या टोकाकडून घासलं की चढतो, मुळाकडून घासलं की उतरतो, पेटीसारखंच, पण एकदा गेलेलं धातू परत येत नाही.

माझा एकदा डावा प मुका झाला तेव्हा मी पेटी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे शहापुरात घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर केला, वाद्य उलटं-सुलटं केलं, "इदेन्री इदु?" म्हणाले, मी अर्ध्या कन्नडात अर्ध्या मराठीत सांगितलं की पेटीच आहे, जरा वेगळी. झाकण उघडून आत बघितल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. पाच मिनिटांत दोऱ्याएवढा एक टाळाचा लाल गोंड्याचा धागा चिमट्यानं बाहेर काढला, माझ्या हातावर ठेवला आणि वीस रुपये घेतले.